पेंटर मामांच्या डोळ्यातली रेघ

मी लेखक नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि उत्तरपत्रिका सोडल्या तर सलग असं काही मी आजवर लिहिलेलं नाही. अशा माणसाने आपल्या सख्ख्या मामांविषयी, तेही ते हयात असताना, लिहायला बसावं हे धाडसच आहे. वाचणाऱ्यांनी माफ करावं. मामांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "लिही की. पर नाव टाकू नको. जलमभर दुसऱ्याची नावं रंगवली, माझं कुठंच न्हाई, ते तसंच राहू दे." म्हणून नाव टाकत नाही. खर्ड्याच्या आसपासच्या गावांत त्यांना नुसतं 'पेंटर' म्हणतात. आम्ही 'पेंटर मामा' म्हणतो.

मामांना पहिल्यांदा भेटणाऱ्याच्या लक्षात येते ती त्यांची मान. आपण बोलणाऱ्याकडे डोळे वळवतो, मामा सगळी मान वळवतात. एकदा तुम्ही त्यांच्या नजरेत आलात की मात्र ते हलत नाहीत. भिंतीवरचा पिंगळा बघतो तसे टक लावून बघत राहतात. लहानपणी मला वाटायचं, आपल्या तोंडाला काही लागलंय. रंगवलेल्या अक्षरात ब्रशचा एक केस अडकला तरी तो त्यांना दिसायचा आणि ते नखाने अलगद काढायचे. पण पायाशी ठेवलेला रंगाचा डबा दिसायचा नाही. त्यांच्या सगळ्या पँटींच्या खालच्या बाजूला रंगांचे थर होते. मामी म्हणायची, "ह्यांचं निम्मं काम भितीवर आन निम्मं पायावर."

त्यांची काम करायची रीतही निराळी होती. दुसरे पेंटर आधी लांब जाऊन भिंत बघतात, डोळे बारीक करून अंदाज घेतात. मामा लांब जायचेच नाहीत. भिंतीला नाक लावल्यासारखे उभे राहायचे. दोन खिळ्यांना गेरूत बुडवलेली सुतळी ताणायची, ती मधे धरून सोडायची, भिंतीवर तांबडी रेघ उमटायची. मग डाव्या हाताची वीत झालेल्या अक्षराच्या कडेला टेकवायची आणि पुढचं अक्षर काढायचं. "अक्षरानं अक्षराच्या खांद्यावर हात ठिवला पायजे," असं ते म्हणायचे. "म्हंजी ओळ पडत न्हाई." अक्षरं इतकी देखणी असायची की टेम्पोवाले जामखेडहून गाडी घेऊन त्यांच्याकडे यायचे.

या रितीतून एकदा गंमत झाली. बाजारपेठेत एका किराणा दुकानाच्या शटरवर नाव टाकायचं होतं. सुट्टीचा दिवस, शेजारचं न्हाव्याचं दुकानही बंद, दोन्ही शटरं एकाच हिरव्या रंगाची. दोघांमधे बोटभर फट. मामांनी दोन्ही टोकांना भिंतीत खिळे ठोकले, सुतळी ताणली आणि एकेक अक्षर करत गेले. संध्याकाळी दुकानदार येऊन बघतो तर नाव त्याच्या शटरवर सुरू होऊन न्हाव्याच्या शटरवर संपलेलं. 'किराणा' त्याच्याकडे आणि 'स्टोअर्स' शेजारी. दुकानदार डोक्याला हात लावून बसला. न्हावी म्हणाला, "पुसू नका पेंटर! उद्यापासनं मी दाढी करता करता साखर बी इकतो." सगळे हसले, मामाही हसले. पण मनी, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, नंतर मला म्हणाली होती की त्या दिवशी घरी आल्यावर मामा जेवले नाहीत. आपल्याला फट दिसली कशी नाही, एवढंच परत परत विचारत होते.

हसण्यावारी जात होतं तोवर ठीक होतं. पुढे लोक त्याला गर्व म्हणायला लागले. लग्नकार्यात कुणी बाजूने हात पुढे करायचा, मामा सरळ पुढे निघून जायचे. कुणी चहाचा कप धरून उभा राहायचा आणि मामा शेजारच्याशी बोलत राहायचे. "पेंटरला लई चढलीय," असं त्यांच्या माघारी बोललं जायचं. दिवस मावळायच्या आत ते घरी परतायचे, कितीही काम राहिलेलं असो. त्याला मात्र गावात एक नाव होतं, रातांधळं. त्यावर मामीचे उपाय चालू होते. गाजरं, पपई, शेवग्याचा पाला, आणि बकरं कापलं गेलं की त्याचं काळीज. मामा खायचे आणि म्हणायचे, "सारं गाजर पोटात चाललंय गं, डोळ्याकडं वाटच न्हाई त्याला."

आता माझ्या आईविषयी सांगायला हवं, कारण मामांची गोष्ट तिच्याशिवाय होत नाही. आई मोठी, मामा धाकटे. मामा तिला 'अक्का' म्हणतात. आजी लवकर गेली, त्यामुळे मामांना आईनेच वाढवलं. तिचं लग्न होऊन ती जामखेडजवळ आमच्या गावी आली तेव्हा मामा आठ-आठ दिवस येऊन राहायचे. घराच्या दारावरची वेल त्यांनीच रंगवलीय. मनीचं बारसं झालं तेव्हा आईने पाळण्यातल्या पोरीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ही माझी सून." मी तेव्हा तिच्या कडेवर होतो. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क धरतात, हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. आईचे वडीलही त्यांच्या मामाच्या मुलीशीच लग्न करून मोकळे झाले होते. त्यामुळे कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. मी सुट्टीत गेलो की मामी म्हणायची, "मने, पानी दे, तुझा मालक आलाय," आणि मनी तांब्या आदळून म्हणायची, "मालकाला म्हनावं, हात हायेत ना?"

बारावीनंतर मी नगरला डोळ्यांच्या तपासणीचा कोर्स घेतला. त्याला ऑप्टोमेट्री म्हणतात हे आईला अजून नीट म्हणता येत नाही, ती 'डोळ्याचं कालेज' म्हणते. दुसऱ्या वर्षी एके दिवशी वर्गात डोळ्याच्या पडद्याचे, म्हणजे दृष्टिपटलाचे, वंशाने येणारे आजार शिकवत होते. मॅडम म्हणाल्या, पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. काडीसारख्या पेशी कडेकडेने पसरलेल्या, अंधारातलं आणि बाजूचं दिसणं त्यांच्यामुळे. शंकूसारख्या पेशी मधोमध दाटलेल्या, बारीक अक्षर आणि रंग त्यांच्यामुळे. काही घराण्यांत काडीसारख्या पेशी आधी मरायला लागतात. मग माणसाला संध्याकाळी दिसत नाही, बाजूचं दिसत नाही, पायाखालचं दिसत नाही, पण सुईत दोरा ओवता येतो. नळीतून बघितल्यासारखं त्याचं जग होतं.

मी वहीत काही लिहिलं नाही. मला हिरवी शटरं दिसत होती.

मामांना नगरला आणायला फार सायास पडले. "मला दिसतंय की," हे त्यांचं म्हणणं. शेवटी मी म्हणालो की मला अभ्यासासाठी एक पेशंट पाहिजे, तेव्हा तयार झाले. मनी त्यांना घेऊन आली. मी आमच्या कॉलेजच्या दवाखान्याच्या फाटकाशी उभा होतो. ती म्हणाली, "हे घे तुझं गिऱ्हाईक. येष्टीत दोनदा लोकांच्या पायावर उभं राहिलेत."

बाजूचं किती दिसतं हे मोजायचं एक यंत्र असतं. अर्ध्या घमेल्यासारख्या पांढऱ्या भांड्यात तोंड घालून समोरच्या ठिपक्याकडे बघायचं. आजूबाजूला बारीक दिवे लागतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मामा बसले. दिवे लागत होते, विझत होते. बटण वाजेना. मी शेजारी उभा होतो, मला प्रत्येक दिवा दिसत होता. बऱ्याच वेळाने मामा तसेच तोंड आत ठेवून म्हणाले, "डॉक्टर, लाइट गेली का काय रं?" मी डॉक्टर नाही, पण ते मला तसंच म्हणायचे. मी म्हणालो, "नाही मामा, चालू आहे. बघत राहा." मग अगदी मधले दिवे लागले तेव्हा बटण भराभर वाजलं. मनी माझ्याकडे बघत होती.

त्यानंतर पडद्याचा स्कॅन काढला. त्यात डोळ्याचा पडदा आडवा कापल्यासारखा दिसतो, एकावर एक थर, शेतातल्या विहिरीत उतरताना मातीचे थर दिसतात तसे. त्या थरांत खालच्या बाजूला एक उजळ रेघ असते. प्रकाश टिपणाऱ्या पेशी जिथे धड आहेत तिथेच ती दिसते. चांगल्या डोळ्यात ती या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. मामांच्या डोळ्यात ती मधे थोडीशी होती आणि दोन्हीकडे विरून गेली होती. मॅडमनी शेजारी त्या दिव्यांच्या तपासणीचा नकाशा लावला. सगळा काळा, मधे एक लहान पांढरं बेट. त्यांनी रेघेच्या टोकावर पेन्सिल ठेवली आणि मग बेटाच्या काठावर ठेवली. म्हणाल्या, "मामा, बघा. जिथे ही रेघ संपते, तिथे तुमचं दिसणं संपतं. डोळ्याची जशी घडण राहिली आहे, तेवढंच दिसतं. तुमच्या मनात काही नाही, अशक्तपणा नाही, गाजराचा प्रश्न नाही."

मामा पडद्याजवळ गेले, भिंतीजवळ जायचे तसेच. आपल्याच डोळ्यातली ती रेघ त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग म्हणाले, "अस्तरच गेलंय म्हना की. खालचं अस्तर सुटलं की वरचा रंग धरत न्हाई." मॅडम म्हणाल्या, "तसंच समजा." मामांनी विचारलं, "परत मारता येतं का?" मॅडमनी खरं सांगितलं. काही प्रकारांवर संशोधन चाललं आहे, पण आज मामांसाठी उपाय नाही. रेघ दोन्हीकडून आत सरकत राहील. हळूहळू, पण सरकेल.

मग त्यांनी विचारलं, "तुमचे आईवडील नात्यातले होते का?"

"व्हय की," मामा अभिमानाने म्हणाले. "आईचं माहेर तेच बापाचं आजोळ. घरातल्या घरात."

मॅडमनी कागदावर गोल आणि चौकोन काढून समजावलं. हा दोष प्रत्येकाच्या अंगात दोन प्रतींत असलेल्या एका सूचनेत, म्हणजे जनुकात, असतो. एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. एक बिघडलेली असली तरी माणूस ठणठणीत राहतो, त्याला कधी कळतही नाही. दोन्ही बिघडलेल्या आल्या की डोळा जातो. एकाच घराण्यातल्या दोघांचं लग्न झालं की दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते. मामी नात्यातली नाही, त्यामुळे मनीचे डोळे चांगले राहतील, पण तिच्याकडे एक बिघडलेली प्रत नक्की आली आहे. मामांच्या बहिणीकडे असू शकेल. असली तर तिच्या मुलाकडेही असू शकेल.

"तिचा मुलगा म्हंजी ह्यो," मामा म्हणाले आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. "आन माझी पोरगी ह्यालाच द्यायचं ठरलंय."

मॅडम म्हणाल्या की आधी मामांच्या रक्तातून दोष नेमका कुठे आहे ते शोधावं लागेल, मग माझं रक्त तपासता येईल. नमुने बाहेर पाठवावे लागतात, निकाल यायला किती काळ लागेल सांगता येत नाही. तोवर घाई करू नका.

मामांचं रक्त देऊन झाल्यावर दवाखान्याबाहेर चहाच्या टपरीवर आम्ही तिघं बसलो. मामांनी चहा तसाच ठेवला. म्हणाले, "मी थांबनार न्हाई. तुझं रगत तपासून दोष निघाला तर काय? अक्काला कळंल की तिच्याकडनं आला. आई-बाप कधीच गेलं, त्यांच्या लगनाची आता चौकशी नको. गावात बोभाटा झाला की उद्या तुला बी कोन पोरगी देनार न्हाई. त्यापरीस मीच न्हाई म्हनतो. एकदा शिव्या खाल्ल्या की झालं."

"आईला खरं कारण सांगू या ना," मी म्हणालो.

"आत्ता न्हाई. मी सांगंल तवा. तोंडातनं शब्द काढायचा न्हाई, माझी शपथ हाय."

मनीने तेवढ्यात आपला कप संपवला होता. ती म्हणाली, "तसं बी ह्याच्याशी लगीन करून मला रोज ए बी सी डी वाचायला लागली असती." आम्ही हसलो. मला काय वाटलं ते इथे लिहिणं बरोबर नाही. ती आज तिच्या घरी सुखात आहे.

दिवाळीच्या आधी मामा एकटे आमच्या घरी आले. आईने पुरण घातलं होतं, तिला वाटलं तारीख काढायला आलाय. मामा ओट्यावर बसले आणि पाणीही न पिता म्हणाले, "अक्के, मनीला मी नात्यात देनार न्हाई."

आई म्हणाली, "नात्यात? मी तुला नातं झाले व्हय? मी बहीन हाय तुझी."

"म्हनूनच."

"काय कमी हाय माझ्या पोरात? का पोरीसाठी कोन कलेक्टर बघून ठिवलाय?"

मामांनी मान दुसरीकडे वळवली. मग म्हणाले, "तसं समज."

मी दारात उभा होतो. त्या दोन शब्दांनी त्यांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं. आई आत गेली आणि तिने चूल विझवली. आमच्या वडिलांनी मामांना येष्टीपर्यंत सोडलं. वाटेत त्यांनीही कारण विचारलं असणार, पण मामांनी सांगितलं नाही.

भाऊबिजेला मामा तरीही आले. मनी त्यांना स्कूटीवर घेऊन आली. अंगणात दाराला लागून बाज टाकली होती तिच्यावर मामा बसले, नवा सदरा घालून, मांडीवर पिशवी. पिशवीत आईसाठी लुगडं होतं. आईने ताट केलं नाही. आतून तिचा आवाज आला, "मोठ्या लोकांना ओवाळायची आमची ऐपत न्हाई." मामा बसून राहिले. ऊन बाजेवरून सरकत भिंतीवर गेलं. मी पाणी नेऊन दिलं, वडील पावसापाण्याचं बोलले. दिवस कलायला लागला तशी मनी उठली, कारण अंधार व्हायच्या आत पोचायला हवं होतं. मामांनी लुगडं बाजेवर ठेवलं. आईने ते कुणाच्या तरी हाती परत पाठवलं.

त्यानंतर येणं-जाणं बंद झालं. मनीचं लग्न जामखेडमधल्या एका मुलाशी ठरलं, आमच्या कुठल्याच नात्यात नसलेल्या. आत्याचा मान आईचा होता. आई गेली नाही. मी गेलो तेव्हा मांडवात मामी मला म्हणाली, "अक्का आल्या असत्या तर ह्यांनी जेवन केलं असतं."

मामा अधूनमधून तपासणीला नगरला येत राहिले. आता मोठ्या भिंती त्यांनी सोडल्या होत्या. तसंही सगळीकडे फ्लेक्स लागतात. टेम्पोच्या मागची नावं, देवळातल्या पायरीवरची नावं, असं हातभर काम ते करायचे. दर वेळी स्कॅन काढला की मला विचारायचे, "रेघ किती राह्यली?" मी मागचा आणि आताचा स्कॅन शेजारी लावायचो. दोन्हीकडून थोडी थोडी आत आलेली असायची. शेवटी एकदा मॅडमनी मला बाजूला बोलावून सांगितलं की आता मधलाही भाग पातळ व्हायला लागला आहे. मी मामांना ते सांगितलं. त्यांच्यापासून लपवावं असं मला वाटलं नाही. त्यांनी दोन्ही स्कॅन परत जवळून बघितले. मग म्हणाले, "रंगाचं काय न्हाई. रंग मला आता हातानं बी कळतो. अक्काचं तोंड एकदा नीट बघून घ्यायचं हुतं. ती रेघ हाय तवर व्हायला पायजे."

मी म्हणालो, "मग मला सांगू द्या."

"न्हाई. ती घाबरंल तुझ्यापायी. आन मला ह्या डोळ्यावरनं तिची कीव नको."

मी शेवटच्या वर्षाला असताना मामांच्या रक्ताचा निकाल आला. दोष नेमका कुठे आहे ते सापडलं होतं. मॅडमनी विचारलं, तुला तुझं बघायचं आहे का? माझा अभ्यासच तो, आणि कधी ना कधी लग्न होणारच. मी रक्त दिलं. निकालाची मी वाट पाहत होतो असं म्हणता येणार नाही, कारण रोज सकाळी उठून त्याचा विचार टाळावा लागायचा. एके दुपारी मॅडमनी आत बोलावलं, बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, "तुझ्याकडे तो बदल नाही. तुझ्या आईकडे असेलही, पण तुला तिची चांगली प्रत मिळाली आहे."

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. म्हणजे मामांनी ज्याला भिऊन हे सगळं केलं ते माझ्यात नव्हतंच. मी त्यांना फोन लावला. कसं सांगावं कळेना, तसंच सांगून टाकलं.

"म्हंजी तू सुटलास?" मामा ओरडलेच. पलीकडे मामीला सांगत होते, "अगं, पोरगं सुटलं!" एवढा आनंद मी त्यांच्या आवाजात मनीच्या लग्नातही ऐकला नव्हता.

"मामा, मग ते सगळं…"

"ते बोलायचं न्हाई. मनीचं घर झालंय. मला म्हाईत असतं तर येगळं केलं असतं, म्हाईत नव्हतं." मग म्हणाले, "आता अक्काला सांग. आता तिला भ्यायचं कारन न्हाई. सगळं सांग, तिच्याकडं असंल ते बी सांग."

मी त्याच शनिवारी गावी गेलो. आई पडवीत तूर पाखडत होती. मी तिच्याजवळ बसून पहिल्यापासून सांगितलं. आधी ती चिडली. "मंजी माझ्या पोरात काय नव्हतं आन त्यानं उगंच पोरगी परक्यात दिली!" मग सूप बाजूला ठेवून ती ऐकत राहिली. तिला पेशी आणि प्रती कितपत कळल्या मला ठाऊक नाही. मी बोटाने तुरीच्या भुश्यात एक गोल काढला, मधे एक तुरीचा दाणा ठेवला आणि म्हणालो, "मामांना आता एवढंच दिसतं. बाकी सगळा अंधार."

ती त्या दाण्याकडे बघत होती. "मंजी बाजूला कोन हुबं असलं तर?"

"दिसत नाही."

"अगदी जवळ असलं तरी?"

"तरी नाही."

आईने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "त्या भाऊबिजेला मी बाहीर आल्ते. तुमी सारी आभाळाकडं बघत पावसाचं बोलत हुता. मी दाराच्या कडंला हुबी राह्यले, त्याच्या हाताच्या अंतरावर. म्हनलं, एकदा बघंल माझ्याकडं, अक्का म्हनंल, मग ताट आनते. त्यानं मान सुदिक वळवली न्हाई. मी आत निघून गेले." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तो बी वाटच बघत हुता, न्हाई का?"

तिने तूर गोळा केली, पोत्यात भरली. सकाळी पहिल्या येष्टीने ती खर्ड्याला निघाली. मी येतो म्हणालो तर नको म्हणाली.

मी नगरला परतलो. दिवसभर फोन खिशातून काढून बघत होतो. आईला मोबाईल लावता येत नाही आणि मामांना मी लावायचा नाही असं ठरवलं होतं. दुपार टळल्यावर मामीचा फोन आला. ती कधी स्वतःहून फोन करत नाही.

"आल्यात बरं का तुझी आई," ती म्हणाली. आवाज दबका होता, बहुतेक स्वयंपाकघरातून बोलत होती. "ह्ये ओसरीला बसल्याले. मी म्हनलं, आता काय भांडन हुतंय. तर काय बोलल्या न्हाईत का काय न्हाई. भितीला पाट हुता, तो उचलला आन ह्यांच्या म्होरं आनून टाकला. अगदी म्होरं, गुडघ्याला गुडघा लागंल असा. बसल्या, आन ह्यांचं तोंड दोन्ही हातानं धरून आपल्याकडं केलं. म्हनल्या, 'आता दिसते का मी?'"

"मग? मामा काय म्हणाले?"

मग ती म्हणाली, "लई येळ बघत बसले बघ. मग म्हनले, 'दिसती की. पर लई म्हातारी झालीस, अक्के.'"